गुरुलिंगप्पांच्या भिंतीतली भेग

१

सकाळचा चहा झाला की मी गल्लीत फेरी मारायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणाच्या छपराचं पाणी रस्त्यावर पडतं, कुणाचा गिलावा सुटलाय, कुणाच्या ओट्यापुढं राडारोडा पडून आहे, ते बघायचं आणि मालकाला गोड बोलून दुरुस्ती करायला लावायची. आयुष्य नगरपालिकेच्या शाळेत गेलेलं. न ऐकणाऱ्याला ऐकायला लावणं मला जमायचं.

लातूरला तेव्हा क्लासेसचा जोर होता. नांदेड, परभणी, पार माहूरकडून पोरंपोरी बारावीला इथं यायची. जूनमध्ये आईबाप खोल्या बघत गल्लीगल्लीतून फिरायचे. भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती, तरी खोलीत शिरलेला बाप आधी छताकडं बघायचा, मग चारी भिंतींकडं, आणि भाडं त्यानंतर विचारायचा. पडक्या घरांच्या गल्लीत तर तो वळायचाच नाही. आमच्या मागची गल्ली अशीच बसली होती. एक घर ओस पडलं, लोक तिथं कचरा टाकायला लागले, शेजारचा वैतागून निघून गेला, मग त्याच्या शेजारचा. आता तिथं बाभळी उगवल्या होत्या. आमच्या गल्लीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं. आमच्याही वरच्या मजल्यावर पोरी राहायच्या. माझे मिस्टर जलील शिलाई मशीन दुरुस्त करायचे, पण घर चालायचं ते त्या पोरींवर.

सगळे माझं ऐकायचे. एक घर तेवढं हाताला लागत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशीच असलेलं गुरुलिंगप्पांचं घर. त्यांच्या बाहेरच्या भिंतीला चौकटीपासून छपरापर्यंत तिरकी भेग होती, मध्ये गुडघ्यासारखी वाकलेली. भूकंपातली.

अप्पा गबाळे असते तर मला नवल वाटलं नसतं. पण खिडक्यांना दरवर्षी तेलपाणी व्हायचं, ओटा धुतलेला असायचा, बाकीच्या भिंतीला चुना असायचा. त्यांनी फक्त भेग सोडली होती. चुन्याचा कुंचलासुद्धा तिच्यापासून वीतभर लांब थांबलेला दिसायचा.

एका सकाळी मी जवळ जाऊन पाहिलं. इतक्या वर्षांची भेग म्हटल्यावर तिच्यात धूळ बसते, मुंग्या घर करतात, पावसाळ्यात पिंपळाचं रोप येतं. इथं काहीच नव्हतं. कडा धारदार होत्या. ताजी भाकरी मोडल्यासारख्या.

२

"बाई, बाकी काय सांगाल ते करतो," अप्पा म्हणाले. "ती तशीच राहू द्या."

ते ओट्यावर बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात धुतलेली बंडी. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. लेक उदगीरला दिलेली.

"अप्पा, गल्लीत शिरल्याशिरल्या तीच दिसते. लोक माघारी जातात."

"जाऊ द्या की."

"संगप्पांनी केवढं मोठं हॉस्टेल बांधलंय समोर. त्यांचाही विचार करा."

"त्याचाच करून राहिलो," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी बसले. भीती कशाची वाटते, ते विचारलं. अप्पांनी एकदा भेगेकडं पाहिलं. मग म्हणाले, "मी एकदा भरली होती. भूकंप झाला त्याच साली."

"मग?"

"मल्लिनाथकडं गेली."

मल्लिनाथ त्यांचा धाकटा भाऊ. शेजारीच राहायचा. 'गेली' हा शब्द त्यांनी एखादी पाहुणी या घरातून त्या घरात गेली, असा उच्चारला.

"शेजारी तर मोकळा प्लॉट आहे, अप्पा."

"हाव," ते म्हणाले.

मला आठवलं. ते घर भूकंपात पडलं नव्हतं. नंतर काही महिन्यांनी, वारा नाही, पाऊस नाही, अशा एका दुपारी बसलं. मल्लिनाथ आत होता. सगळे म्हणाले, भूकंपानं खिळखिळं झालेलं घर, कधीतरी जायचंच होतं. मीही तेच म्हणाले होते.

"त्यानंतर ती परत तुमच्याकडं आली?"

"आली. तवापासून हात लावला न्हाई. खिळा ठोकला न्हाई. घरात खलबत्ता वापरला न्हाई."

दुःखानं माणसाचं असं होतं, हे मी पाहिलेलं होतं. किल्लारीकडच्या माझ्या एका सहकारी बाईंनी भूकंपानंतर वर्षभर दार लावून घेतलं नव्हतं. अप्पांशी मी वाद घातला नाही. रोज जात राहिले, बसत राहिले. संगप्पा यायचा, गल्लीतले बाकीचेही यायचे. अखेर अप्पा थकले.

"पोरी कधी येणार?"

"जूनमध्ये."

"मग आत्ताच भरा. गल्ली रिकामी हाय तवर." ते उठले. "भरली की मला सांगा, कुठं गेली ते."

३

मारोती गवंडी चांगला माणूस. आमच्या गल्लीतली निम्मी कामं त्यानंच केलेली. सकाळी आला, भेग खरवडायला लागला. खरवडण्यासारखं काही नव्हतंच. मग माल भरायला घेतला.

दुपारपर्यंत भेग भरेना.

"बाई, आत पोकळ हाय," तो म्हणाला. "माल जाऊनच राहिला."

"भिंत केवढी, दीड वीत. जाणार कुठं?"

"तेच म्हणून राहिलो."

त्यानं बिडी पेटवली आणि भिंतीला टेकला. मी समोर उभी होते. बिडीचा धूर वर गेला नाही. सरळ रेषेत भिंतीकडं गेला आणि भेगेत शिरला. थोडा वेळ थांबला. पुन्हा शिरला. मारोतीनं ते पाहिलं, बिडी विझवली आणि कामाला लागला. मागच्या बोळात वारा खेचत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण भिंतीमागं बोळ नव्हता, अप्पांची बैठक होती, आणि तिथं अप्पा भिंतीकडं तोंड करून खुर्चीत बसले होते. आतल्या बाजूला भेग नव्हती.

संध्याकाळी ती एकदाची भरली. दोन दिवसांनी वर पिस्ता रंग दिला. गल्ली नवीन वाटायला लागली. संगप्पानं पेढे वाटले.

अप्पा त्याच आठवड्यात उदगीरला लेकीकडं गेले. बसस्टँडला मीच सोडायला गेले होते. खिडकीतून म्हणाले, "सांगा बरं का."

४

ती संगप्पाच्या हॉस्टेलात गेली.

मला हे तेव्हा असं म्हणवलं नसतं. मी जिन्यात उभी होते, संगप्पा शेजारी होता, आणि नव्याकोऱ्या भिंतीत चौकटीपासून वर गेलेली तिरकी भेग होती. मध्ये गुडघ्यासारखी वाकलेली.

"काळी माती," संगप्पा म्हणाला. "पाया थोडा बसला."

"बसला असेल," मी म्हणाले. मागं डाळमिल आहे, तिचे हादरे बसतात. उन्हाळ्यात जमीन आकसते. कारणं हवी तेवढी होती. मीही त्यातली दोन-तीन मनाशी धरली.

त्यानं दुसऱ्याच दिवशी भरून घेतली. मग ती गल्लीतल्याच तुळजाबाईंच्या स्वयंपाकघरात दिसली. त्यांनी मला बोलावलं नाही. मी वाटी परत द्यायला गेले तेव्हा कॅलेंडर जरा सरकलेलं होतं, त्यामागं कड दिसली. आठवड्याभरात त्यांच्याकडं गवंडी लागला. मग पलीकडच्या किराणा दुकानात. मग त्याच्यावरच्या खोलीत. गल्लीत रोज कुठं ना कुठं ठोकाठोक चालू असायची. मला बघितलं की लोक म्हणायचे, "बाई, तुम्ही सांगितल्यासारखं लगेच दुरुस्त करून घेतो आता."

कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. भेग पडलेल्या घरात लातूरला भाडेकरू टिकत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. ज्याला ती सापडायची, तो दार लावून भरून घ्यायचा. दर खेपेला ती आधीपेक्षा लवकर पुढं सरकत होती.

जूनमध्ये आईबाप आले. छतं पाहिली, भिंती पाहिल्या. इतकी नीटनेटकी गल्ली लातुरात दुसरी नाही, असं एक गृहस्थ म्हणाले. सगळ्या खोल्या भरल्या.

५

आमच्याकडं देगलूरची मंजुश्री नावाची पोरगी आली होती. अभ्यासात बुडालेली, कमी बोलणारी. पावसाळ्याच्या मध्यात एका दुपारी खाली आली आणि दारात उभी राहिली.

"काकू, आमच्या खोलीच्या पलीकडं कोण राहतं?"

"पलीकडं कुणी नाही गं. भिंतीबाहेर रस्ता."

"तसं न्हाई." तिनं शब्द शोधले. "कुणीतरी झोपल्यासारखं वाटतं. झोपेत कूस बदलली की कसं वाजतं, गोधडी सरकते. तसं."

मी तिच्याबरोबर वर गेले. बाकीच्या पोरी क्लासला गेल्या होत्या. तिचं टेबल भिंतीला लागून होतं. उघड्या पुस्तकाचं पान हळूच भिंतीकडं उचललं गेलं, थांबलं, परत खाली बसलं. पुन्हा उचललं गेलं. पंखा बंद होता.

टेबल ओढलं. मागं ती होती.

मी मंजुश्रीला खाली चहा ठेवायला पाठवलं. स्वतःशी म्हणाले, शकिला, तू शिक्षिका होतीस, पोरांना भूकंप का होतो ते फळ्यावर काढून दाखवायचीस. विटांची भिंत आहे. बघ आणि मोकळी हो. बॅटरी घेतली, वाकले, आणि गुडघा जिथं वाकतो तिथं डोळा लावला.

भिंतीबाहेर रस्ता असायला हवा होता. पावसाचा उजेड दिसायला हवा होता.

आत अंधार होता आणि जुन्या घरातला वास होता, शेणानं सारवलेल्या जमिनीचा, चुलीतल्या राखेचा. बॅटरीच्या उजेडात दगडमातीची भिंत दिसली. कोनाडा. त्याच्या खाली जमिनीवर एक वाकळ, आणि वाकळेखाली कुणाची तरी पाठ. बाजूला आणखी वाकळी होत्या, ओळीनं, उजेड पोचत नव्हता तिथपर्यंत. सगळ्या हलके वर-खाली होत होत्या. शांत झोप. पहाटेची.

खाली गल्लीत कुणाकडं तरी गवंडी हातोडी मारत होता. एक ठोका पडला आणि ती पाठ जराशी आखडली. झोपमोड होताना आखडते तशी. माणूस हळूहळू उजेडाकडं वळायला लागलं.

मी बॅटरी विझवली. तोंड पाहिलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी मी उदगीरची बस धरली. अप्पा लेकीच्या घरी पडवीत बसले होते. मला बघून त्यांनी जागा करून दिली.

"आमच्याकडं आहे," मी म्हणाले.

"आत बघितलं?"

"हो."

"बघायचं न्हाई." ते रागावले नव्हते. "मी एकदाच बघितलं होतं. तवा समदे गाढ झोपलेले होते."

"आता नाहीत."

अप्पांनी डोळे मिटले. आत त्यांची लेक नातवाला कानडीत काहीतरी सांगत होती. भांड्यांचा आवाज येत होता. त्या आवाजानं मीच दचकत होते.

"अप्पा, कोण आहेत ते?"

"मला काय माहीत, बाई. झोपलेत एवढं माहीत. झोपू द्यायचं एवढं कळलं."

"आणि उठले तर?"

त्यांनी हात वर केला, अर्ध्यावर थांबवला आणि परत मांडीवर ठेवला.

"परत तुमच्या घरी नेता येईल का? मी हात जोडते."

"ती माझं ऐकत न्हवती, बाई. मीच तिचं ऐकत होतो." मग म्हणाले, "भरू नका. ठोकू नका. पोरी काढा घरातून. तुम्ही आन् मियाँ, दबकून राहा. मी राहिलो की इतकी वर्षं."

७

मी पोरींना काढलं. कारण काय सांगावं कळेना, म्हणून घरात आजारपण आहे म्हणाले. संगप्पानं त्यांना आनंदानं हॉस्टेलात घेतलं. मंजुश्री निघताना माझ्याकडं बघत राहिली.

आम्ही दोघं दबकून राहिलो. जलीलनी घरात आणलेल्या मशीन दुकानात परत नेल्या. मसाला वाटायचा बंद केला. ते म्हणाले, "शकिला, हे असं किती दिवस?" मी म्हणाले, "मरेपर्यंत." त्यांनी हसून बघितलं. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले.

भेग मोठी झाली. खोलीतून जिन्यात उतरली, जिन्यातून दर्शनी भिंतीवर आली. रंगाचे पोपडे सुटले. मी हात लावू देईना. दिवाळीच्या सुमाराला संगप्पा आणि गल्लीतले चार लोक आमच्या ओट्यावर आले.

"बाई, गल्लीत शिरल्याशिरल्या तीच दिसते," संगप्पा म्हणाला.

"दिसू द्या."

"तुम्हीच आम्हाला शिकवलं. एक घर बिघडलं की गल्ली बिघडते."

मी त्यांना सगळं सांगितलं. माल कसा आत गेला, धूर कसा गेला, मी काय पाहिलं. मधून मधून मान हलवत त्यांनी ऐकून घेतलं. कुणीही 'असं कसं असेल' म्हणालं नाही. मला भीती वाटली ती त्याचीच. त्यांच्या तोंडावर अविश्वास नव्हता. बाईंकडं आहे ना, आपल्याकडं नाही ना, एवढाच हिशोब चालला होता. मला वाटलं, मग निदान भरणार तरी नाहीत.

पण जानेवारीत पुढच्या वर्षाच्या खोल्यांची चौकशी सुरू होते. एक बाप म्हणे गल्लीच्या तोंडाशी आला, आमची भिंत पाहून परत गेला. मी माझ्या बहिणीकडं नांदेडला गेले होते, ती फार आजारी होती. परत आले तेव्हा आमची दर्शनी भिंत गुळगुळीत होती, पिस्ता रंगाची, अजून ओली.

जलील ओट्यावर मान खाली घालून बसले होते. "सगळे आले होते," ते म्हणाले. "मी नको म्हणालो. ते म्हणाले, बाईंचं डोकं शांत होईल." मग म्हणाले, "मला पण वाटलं, जावी एकदाची इथून."

८

मी घरोघर विचारलं. तुमच्याकडं आहे का? आमच्याकडं न्हाई, तुळजाबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या. आमच्याकडं न्हाई, दुकानदार म्हणाला. कुणी आत येऊ दिलं नाही. संगप्पानं मात्र सगळं हॉस्टेल फिरवून दाखवलं. प्रत्येक मजला, प्रत्येक खोली. भिंती नुकत्या रंगवलेल्या, पोरी पुस्तकात डोकं घालून बसलेल्या. तळमजल्यावरच्या एका खोलीला कुलूप होतं.

"गाद्यांची खोली," तो म्हणाला.

मी पोरींच्या घरी पत्रं टाकली. कुणाचे वडील आले, भिंती बघून गेले. एकानं मला समजावलं की बाई, वर्ष वाया घालवू नका पोरींचं. नगरपालिकेतून एक इंजिनिअर आला. त्यानं इमारतीचं कौतुक केलं.

माघाची थंडी होती. एका संध्याकाळी तुळजाबाईंनी अंगणात खाट टाकलेली दिसली. "आत उकडतं," त्या म्हणाल्या. अंगावर त्यांनी घोंगडं घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचं बिऱ्हाड दुकानाबाहेरच्या फळीवर झोपायला आलं. मग त्याच्या पलीकडचे. भूकंपानंतर महिनोन्महिने सगळे असेच बाहेर झोपायचो, तशी गल्ली दिसायला लागली. कुणी कुणाला विचारलं नाही. मी विचारलं तर सगळे म्हणायचे, आत उकडतं. जलीलनी आमचीही खाट बाहेर काढली. मी नको म्हणाले नाही.

हॉस्टेलातल्या पोरी तेवढ्या आत होत्या. दिवेलागणीला फाटकाला कुलूप लागायचं, आईबापांनीच तशी अट घातलेली.

खाट बाहेर काढली त्याच संध्याकाळी मी संगप्पाकडं गेले. शेवटचं सांगावं, पाया पडावं, असं ठरवून गेले. फाटक बंद झालं होतं. संगप्पाची खाट फाटकाबाहेर होती. त्याची बायको आणि दोन्ही मुलं शेजारी, रस्त्यावर अंथरूण घालून. तो मला बघून उठला नाही.

"उघड," मी म्हणाले.

"किल्ली धुरपताबाईंकडं असते." धुरपताबाई म्हणजे हॉस्टेलची रखवालदारीण.

"त्या कुठं आहेत?"

"आत."

"हाक मार."

त्यानं हाक मारली नाही. मी मारली. एकदा, दोनदा, मोठ्यानं. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि मंजुश्रीनं डोकं बाहेर काढलं. तिच्यामागं दिवे लागले होते, पोरींची कुजबुज ऐकू येत होती.

"काकू, हळू बोला," ती दबक्या आवाजात म्हणाली. "धुरपताबाई खाली गेल्यात बघायला. त्यांनी सांगितलंय, कुणी आवाज करू नका. गाद्यांच्या खोलीत कोण हाय काय की. उठून बसलंय म्हणून राहिल्यात."

मी संगप्पाकडं पाहिलं. त्यानं घोंगडं डोक्यावर ओढून घेतलं.